रविवारची सफाई, गावची ग्रामसभा

७ जून २०२५ च्या शनिवारी हिंजवडीत जोराचा पाऊस झाला आणि राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधल्या रस्त्यांवरून पाण्याचे लोंढे वाहू लागले. पाण्यात अडकलेल्या मोटारी, वाट काढणाऱ्या बस, दुचाकी सावरत उभी असलेली माणसे यांचे व्हिडिओ देशभर फिरले. पाऊस मोठा होता हे खरे. पण पाण्याला जायला वाटच उरली नव्हती, हे जास्त खरे. डोंगरउतारावरून मुळा नदीकडे जाणारे ओढे कुठे बुजवलेले, कुठे वळवलेले, तर कुठे अरुंद पाइपात कोंबलेले होते. पुढे सरकारी पाहण्या झाल्या, नोटिसा निघाल्या. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या शेतकऱ्याला हे ओढे कुठून कुठे जात होते ते तोंडपाठ होते. त्याला कोणी विचारले नव्हते, एवढेच.

त्या पावसाळ्यात हिंजवडीकर गप्प बसले नाहीत. आयटी कर्मचारी आणि रहिवाशांनी ‘अनक्लॉग हिंजवडी आयटी पार्क’ या नावाने ऑनलाइन मोहीम काढली; हजारोंनी सह्या केल्या. जुलैमध्ये मुख्यमंत्र्यांकडे बैठक झाली आणि पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या (पीएमआरडीए) आयुक्तांकडे समन्वयाची एकहाती जबाबदारी आली. तेव्हाचे उपमुख्यमंत्री आणि पुण्याचे पालकमंत्री अजित पवार २६ जुलैला भल्या सकाळी पाहणीला येऊन गेले. त्याच वर्षी अवजड वाहनांच्या अपघातांत इथली माणसे गेली. त्यांत महाविद्यालयीन तरुणी होत्या, एक शाळकरी मुलगीही होती. पाण्याच्या रागात रस्त्याचाही राग मिसळला आणि दुपारच्या डब्यावर प्रकल्पांच्या मुदतींबद्दल बोलणारी मंडळी प्रथमच नाल्याच्या रुंदीबद्दल बोलू लागली.

ही जाग मोलाची आहे. ती टिकवायची तर रविवारच्या सकाळी काय करायचे आणि कोणत्या दारात जायचे, हे दोन्ही नीट समजून घ्यायला हवे.

गाव कोणाचे, रस्ता कोणाचा

हिंजवडीची पहिली अडचण तिच्या कारभारातच आहे. काचेच्या इमारती, तीन टप्प्यांचा आयटी पार्क, माणपासून शिवाजीनगरपर्यंत जाणारा सुमारे २३ किलोमीटरचा मेट्रो मार्ग. हे सारे पाहून कोणालाही वाटेल की ही महापालिकेची हद्द आहे. तशी ती नाही. हिंजवडी मुळशी तालुक्यात आहे आणि तिथे ग्रामपंचायत आहे. पार्कच्या आतले रस्ते एमआयडीसीचे. बाहेरच्या बांधकामाची परवानगी आणि नियोजन पीएमआरडीएकडे. हे प्राधिकरण २०१५ मध्ये स्थापन झाले. काही रस्ते सार्वजनिक बांधकाम विभागाचे, महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाचा. वाहतूक पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालय सांभाळते. महामार्ग ओलांडून वाकडला गेले की पिंपरी-चिंचवड महापालिका सुरू, मुळेपलीकडे बाणेर-बालेवाडीत पुणे महापालिका. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे, सांगवडे आणि गहुंजे ही सात गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेत घ्यावीत, ही मागणी वर्षानुवर्षे रेंगाळली आहे.

विधानसभेसाठी हिंजवडी भोर मतदारसंघात येते. म्हणजे तिसऱ्या टप्प्यातल्या विसाव्या मजल्यावर राहणारा अभियंता आणि राजगडाच्या पायथ्याचा शेतकरी एकाच आमदाराला मत देतात. देतात म्हणण्यापेक्षा देऊ शकतात. कारण त्या अभियंत्याचे नाव बहुतेक वेळा नागपूर, लातूर किंवा आणखी कुठल्यातरी गावच्या यादीत असते.

या जागेचा इतिहासही फार जुना नाही. इथे सहकारी साखर कारखान्याचे भूमिपूजन व्हायचे होते; त्या समारंभातच आपण ही जागा आयटी पार्कसाठी मागितली, ही आठवण शरद पवारांनी अनेकदा जाहीरपणे सांगितली आहे. संत तुकारामांच्या नावाचा तो कारखाना पुढे कासारसाईजवळ उभा राहिला आणि हिंजवडीच्या शिवारात ऊस, भाताऐवजी कंपन्या आल्या. शेते गेली तरी गाव गेले नाही. हनुमान जयंतीला हिंजवडी-वाकडची म्हातोबाची यात्रा आजही भरते. बगाडासाठी मुळशीच्या रानातून खांद्यावरून लाकूड आणायची रीत आहे, आणि मिरवणुकीच्या दिवशी पोलिसांना वाहतूक वळवावी लागते. कामे वाटून घेणे, वर्गणी, शिस्त, गर्दी सांभाळणे या सगळ्याचा या गावाला मोठा सराव आहे. सोसायट्यांमधल्या उत्साही तरुणांनी इथे सामाजिक काम ‘सुरू’ करण्याची भाषा करण्याआधी हे जरूर पाहावे.

गोणीत काय भरते

नदीकाठच्या सफाईला पहिल्यांदा जाणाऱ्याला वाटते, बाटल्या उचलायच्या आहेत. बाटल्या अर्ध्या तासात संपतात. खरे काम असते कापडाचे. जुन्या साड्या, गोधड्या, देवाला वाहिलेली वस्त्रे पुरात वाहत येतात, करंजाच्या आणि उंबराच्या मुळांत अडकतात, त्यांवर गाळ बसतो. मग ओढून निघत नाहीत. कोयत्याने कापावी लागतात. ओल्या कापडाने अर्धी भरलेली सिमेंटची गोणी एकट्याला उचलत नाही. त्याखाली निर्माल्याच्या गाठ मारलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या असतात, काच फुटलेल्या देवांच्या तसबिरी असतात, प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींचे हात आणि मुकुट असतात. पहार, फावडे, दाताळे, घमेली आणि जाड हातमोजे लागतात. इंजेक्शनच्या सुया दिसल्या तर हात लावायचा नाही, जागा दाखवून ठेवायची. हे आधी सांगणारा अनुभवी माणूस सोबत हवा.

आणि एक प्रश्न गोणी उघडायच्या आधी सोडवायला हवा: भरलेल्या गोण्या जाणार कुठे? पुष्कळ मोहिमा इथेच फसतात. फोटो होतो, नाश्ता होतो, गोण्या रस्त्याकडेला रचून ठेवल्या जातात आणि चार दिवसांत कुत्री त्या फाडतात. पुढच्या पावसात तोच कचरा पुन्हा ओढ्यात उतरतो. म्हणून गाडी ठरलेली असावी, ग्रामपंचायतीला किंवा एमआयडीसीला आठवडाभर आधी पत्र दिलेले असावे आणि जागेवरच वर्गवारी व्हावी. पाण्याच्या बाटल्या आणि पुठ्ठा भंगारवाला नेतो. चिप्सच्या आणि गुटख्याच्या पुड्या कोणी नेत नाही. प्लास्टिक आणि धातूचे थर एकत्र असल्याने त्यांचा पुनर्वापर अवघड असतो. दर वेळी कोणत्या पुड्या किती निघाल्या याची नोंद ठेवली, तर ती पुढे उत्पादकांना आणि प्रशासनाला दाखवता येते.

जगभर अशा मोहिमांना बळ मिळाले ते एस्टोनिया या छोट्या देशामुळे. ३ मे २००८ रोजी तिथे सुमारे ५० हजार लोक एकाच दिवशी बाहेर पडले आणि अवघ्या काही तासांत त्यांनी रानावनात टाकलेला सुमारे १० हजार टन कचरा गोळा केला. त्यामागे अनेक महिन्यांची तयारी होती. स्वयंसेवकांनी आधी देशभरातल्या कचऱ्याच्या जागा नकाशावर नोंदवल्या होत्या. धावता धावता कचरा उचलण्याचा ‘प्लॉगिंग’ हा प्रकार स्वीडनमधून आला आणि पुण्यात चांगला रुजला. महाराष्ट्राला मात्र हे बाहेरून शिकावे लागले नाही. गाडगेबाबांनी गावोगाव हातात खराटा घेतला होता आणि त्यांच्याच नावाने राज्याने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले.

नदी आणि टेकडी

हिंजवडीजवळून वाहणाऱ्या मुळेची कथा पुण्यात फार थोड्यांना माहीत असते. मुळशी धरणाचे पाणी बोगद्यातून पश्चिमेला, कोकणात भिरा येथे वीजनिर्मितीसाठी उतरते. या धरणाविरुद्ध १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट त्याच लढ्यात ‘सेनापती’ झाले. धरण झालेच, पण जमीन आणि पाण्यासाठी सामान्य माणूस एकत्र येतो याचा शंभर वर्षांपूर्वीचा धडा याच तालुक्यातला आहे.

वरचे पाणी अडलेले आणि खाली वस्त्यांचे सांडपाणी मिसळलेले, अशा नदीत हिवाळा सरता सरता जलपर्णी पसरते. मूळची ॲमेझॉन खोऱ्यातली ही वनस्पती सांडपाण्यातल्या नायट्रेट आणि फॉस्फेटवर पोसते. अनुकूल हवामानात दोन आठवड्यांत दुप्पट होऊ शकते. शेजारच्या पवनेवर वाल्हेकरवाडीच्या रोटरी क्लबने जलपर्णी काढण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालवली. कित्येक नागरिक रविवारी पाण्यात उतरले. हे काम आदराने पाहावे असे आहे. त्याचबरोबर हेही सांगायला हवे, की सांडपाणी थांबल्याशिवाय जलपर्णी थांबणार नाही. तिच्यामागे लागलेल्या माणसाने एक दिवस मैलापाणी प्रकल्पाच्या दारात जाऊन तो चालू आहे का, हे विचारायला हवे.

पुण्यात ‘जीवितनदी’ ही संस्था नेमके हेच सांगत आली. ‘दत्तक घेऊया नदीकिनारा’ या त्यांच्या उपक्रमात विठ्ठलवाडीला मुठेकाठी आणि औंधला मुळेकाठी नागरिकांनी नदीचा एकेक तुकडा नेमाने सांभाळला. तिथे कचरा उचलणे ही फक्त सुरुवात असते. पाणी तपासणे, किडे-पक्षी नोंदवणे, स्वतःच्या घरातले डिटर्जंट आणि फिनेल बदलणे इथपर्यंत गोष्ट जाते. मुठाई नदीफेरीत लोक चालत चालत नदीचा इतिहास ऐकतात. कॅनडात टोरंटोमध्ये २००७ पासून जेन जेकब्ज या नगरविचारक बाईंच्या नावाने अशाच मोफत फेऱ्या निघतात. वाटाड्या त्या भागात राहणारा कोणीही असू शकतो.

अशी फेरी हिंजवडीत ओढ्यांची निघायला हवी. साधने हाताशी आहेत. गावनकाशे आता सरकारच्या महाभूनकाशा संकेतस्थळावर दिसतात. त्यावर गटांच्या हद्दी कळतात. जुन्या महसुली नकाशांवर ओढे-नाले दाखवलेले असतात आणि तलाठी कार्यालयात त्यांची चौकशी करता येते. एक नकाशा, एक मोबाइल आणि गावातले एक वयस्कर आजोबा एवढ्या सामग्रीवर ओढा कुठे हरवला ते तीन तासांत कळते. कुठे भिंत आली, कुठे भराव पडला, कुठे पाइप लहान आहे, याचे फोटो स्थळनिशाणीसह जमवले की ती तक्रार मोघम राहत नाही. नकाशा वाचणे, माहितीचे तक्ते करणे, नोंदी जुळवणे हे इथल्या हजारो लोकांचे रोजचे काम आहे. गावाला याच कौशल्याची गरज आहे.

नदीपलीकडे बाणेरच्या टेकडीवर ‘वसुंधरा स्वच्छता अभियान’च्या कार्यकर्त्यांनी रविवार न चुकवता झाडे जगवली. लावली म्हणत नाही. लावणे एका सकाळचे, जगवणे तीन उन्हाळ्यांचे. कॅनमध्ये पाणी भरून चढ चढायचे, आळी करायची, वणवा लागू नये म्हणून गवताची पट्टी साफ ठेवायची. जून-जुलैत कंपन्यांचे वृक्षारोपण पाहताना हा प्रश्न विचारावा: मार्चमध्ये पाणी कोण घालणार? झाडे कोणती, हेही विचारावे. गिरिपुष्प आणि सुबाभूळ भराभर वाढतात, पण करंज, बहावा, कडुनिंब, उंबर इथल्या पाखरांना ओळखीचे आहेत. आणि जिथे मूळचे गवताळ माळरान आहे तिथे झाडे न लावणे हेच योग्य. माळरानावर जगणारे पक्षी झाडीत राहत नाहीत.

सोसायटीच्या फाटकाच्या आत

रविवारी नदीकाठी जाणाऱ्याच्या सोसायटीचा सोमवारचा ओला कचरा कुठे जातो? २०१६ च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या सोसायट्यांवर कचरा वेगळा करण्याची आणि ओल्या कचऱ्यावर शक्यतो आवारातच प्रक्रिया करण्याची जबाबदारी टाकली. हिंजवडी परिसरातल्या बहुतेक संकुलांना हा नियम लागू झाला. ग्रामपंचायतींकडे महापालिकेसारखी यंत्रणा नाही. त्यामुळे फाटकाबाहेर गेलेला मिश्र कचरा रस्त्याकडेला, मोकळ्या भूखंडावर आणि ओढ्यात जाण्याची भीती मोठी. खतखड्डा नीट चालवणे हे नदीसफाईइतकेच मोठे काम आहे, मात्र त्याचा फोटो कोणी काढत नाही. पुणे शहरात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था आली. कचरा हातात घेणाऱ्या बायांशी बसून बोलले की नियमांच्या पुस्तकापेक्षा जास्त कळते.

गणपतीच्या दिवसांतही सोसायटीला करण्यासारखे आहे. शाडूच्या मूर्ती हा पहिला मार्ग. प्लास्टरची मूर्ती आणलीच, तर पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने सुचवलेला उपाय आहे: बादलीभर पाण्यात अमोनियम बायकार्बोनेट घालून मूर्ती विरघळवायची. वरचे अमोनियम सल्फेटचे पाणी पातळ करून झाडांना चालते, खाली चुनखडीचा गाळ उरतो. ही प्रयोगशाळा पाषाणला, हिंजवडीपासून फार दूर नाही.

शंभर माणसांची सभा

आता मुख्य मुद्दा. हिंजवडीतल्या रहिवाशाला उपलब्ध असलेला सर्वांत ताकदवान नागरी कार्यक्रम म्हणजे ग्रामसभा, आणि तिथे सर्वांत कमी दिसतात ते नव्या सोसायट्यांमधले लोक.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमानुसार वर्षातून किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. साधारणपणे २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या सुमारास त्या होतात. त्याआधी महिलांची स्वतंत्र ग्रामसभा होते. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांपैकी जी संख्या कमी असेल ती पुरते. एका टॉवरमध्ये याहून जास्त प्रौढ राहतात. सभेपुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च येतो, पुढच्या वर्षाचा विकास आराखडा येतो. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी ग्रामपंचायतींना दिलेल्या निधीतला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठीच राखून ठेवला होता. तो पैसा नेमका कशावर खर्च झाला, हे विचारायची जागा समाजमाध्यमांवर नाही, ग्रामसभेत आहे.

या सभेचा सदस्य व्हायला घर स्वतःचे असावे लागत नाही. गावच्या मतदारयादीत नाव असले की पुरे. भाड्याने राहणाऱ्यालाही तिथे नेहमीचा रहिवास असेल तर नाव नोंदवता येते. पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यासाठी अर्ज क्रमांक ६, दुसऱ्या ठिकाणचे नाव इकडे आणण्यासाठी अर्ज क्रमांक ८. दोन्ही ऑनलाइन भरता येतात. ज्याचे नाव इथे नाही, त्याला आपल्या गल्लीतल्या नाल्यावर मत नाही, ही गोष्ट पुण्यात पंधरा-पंधरा वर्षे राहिलेल्या माणसांनीही मनावर घेतलेली नाही.

पाण्यासाठी शहर आणि गाव एकत्र आल्याचे ताजे उदाहरण महाराष्ट्रासमोर आहे. पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा २०१६ मध्ये वरूड, कोरेगाव आणि अंबाजोगाई या तीन तालुक्यांत सुरू झाली आणि दोन वर्षांत ७५ तालुक्यांपर्यंत पोहोचली. १ मे २०१८ च्या महाश्रमदानाला शहरांतले हजारो ‘जलमित्र’ गावात जाऊन कुदळ-फावडे घेऊन उभे राहिले. त्या यशामागचे कारण सहसा सांगितले जात नाही: गावातल्या माणसांनी आधी प्रशिक्षण घेतले होते, कुठे चर खणायचा हे गावाने ठरवले होते आणि शहरातला माणूस त्यांच्या हाताखाली काम करायला गेला होता. हिंजवडीत हेच नाते उलट दिशेने मांडले जाते. सोसायटीतले लोक गावाला कार्यक्रमपत्रिका पाठवतात आणि गाव आले नाही म्हणून नाराज होतात.

ग्रामसभेत गेल्यावर लगेच भाषण करू नये. पहिल्या खेपेला ऐकावे. सरपंचांना, ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना आणि आशाताईंना ओळख द्यावी. विषय लेखी आणि आधी द्यावा, म्हणजे तो विषयपत्रिकेवर घेण्याचा आग्रह धरता येतो. मराठी येत नसलेल्या शेजाऱ्याला सोबत न्यावे, त्याच्यासाठी कोणीतरी बोलावे. ठराव झाला तर त्याची प्रत मागावी. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज आहेच. त्याला तीस दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. एमआयडीसी असो, पीएमआरडीए असो की बांधकाम विभाग, ग्रामसभेच्या ठरावाची प्रत जोडलेले पत्र एकट्या माणसाच्या ईमेलपेक्षा वजनदार ठरते. ओढ्यांच्या फेरीचा नकाशा त्या पत्राला जोडता आला तर उत्तमच.

महापालिकेत समावेश झाला तर ग्रामसभा राहणार नाही. तिथे प्रभागाचे राजकारण सुरू होईल. समावेश व्हावा की नाही यावर गावात आणि सोसायट्यांत वेगवेगळी मते आहेत आणि दोन्ही बाजूंकडे कारणे आहेत. पण जोवर ग्रामसभा आहे तोवर ती रिकामी ठेवणे हे नुकसानच आहे. हिंजवडी, माण, मारुंजी, नेरे, जांबे यांपैकी कोणत्याही गावात राहणाऱ्याने या आठवड्यात ग्रामपंचायत कार्यालयात जाऊन पुढच्या ग्रामसभेची तारीख विचारावी, मतदारयादीत आपले नाव तपासावे, आणि त्या दिवशी सोसायटीतल्या चार शेजाऱ्यांना बरोबर घेऊन यावे.